दुय्यम निबंधकाची एकमेव खोटी नोंद

कावासाकी, जपान
१४ जून २००८

तीर्थस्वरूप रविकांतदादांस,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे श्यामचा, समुद्रापलीकडून वाकून नमस्कार. चित्रावहिनींनाही. (पत्र आधी त्याच उघडतात हे ठाऊक असल्याने खरं तर त्यांनाच आधी.) मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट पार पडून हे पत्र आपण स्वतःच्या डोळ्यांनी वाचत असाल अशी आशा करतो. वहिनी वाचून दाखवत असतील तर त्यांनी कृपा करून मधले परिच्छेद गाळू नयेत. पत्राचा सगळा जीव मधल्या परिच्छेदांतच आहे. माझी तब्येत उत्तम. रक्तदाब इथे आल्यापासून खाली आहे. सुचेतेचं म्हणणं, ती बरोबर नाही म्हणून. (गुडघ्यामुळे ती आली नाही, हे आपण जाणताच.)

दादा, हा देश माझ्यासाठीच बनवलाय. एकतीस वर्षं दुय्यम निबंधकाच्या खुर्चीत बसून मी लोकांना एकच गोष्ट सांगत आलो, की बाबांनो, कागद करा. इथे कचऱ्याचासुद्धा कागद आहे. डबे कोणत्या वारी, बाटल्या कोणत्या वारी, जुनी वर्तमानपत्रं कोणत्या वारी, याचा तक्ता आमच्या लेकीच्या फ्रिजवर लावलेला आहे आणि पहिल्या आठवड्यातच तो मी पाठ केला. चुकून चपटा डबा बाटल्यांत गेला तर कर्मचारी तो तिथेच ठेवून वर चिठ्ठी लावून जातात. पक्षकाराला त्रुटी लेखी कळवणारं खातं मी जन्मात पाहिलं नव्हतं. डोळे भरून आले.

नुपूर २००३ साली कंपनीच्या कामासाठी इथे आली, तेव्हा आपण पुण्याच्या विमानतळावर तिला नारळ दिला होतात. बँकांची सॉफ्टवेअर्स करते. तामा नदीजवळ सहाव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर आहे. घरात तिच्याबरोबर मिनोरी नावाची जपानी मुलगी राहते. मुलगी म्हणजे नुपूरहून सात महिन्यांनी मोठी, एकतीस पूर्ण. दातांच्या कवळ्या बनवण्याचं काम करते. मी आलो त्याच्या तिसऱ्या दिवशी माझी खालची कवळी आंब्याच्या वडीत अडकून चिरली, तर हिने ती नेऊन दुसऱ्या दिवशी अशी करून आणली की आता मी सुपारी खातो. एक खोली त्यांनी मला दिली आणि दोघी दुसऱ्या खोलीत झोपू लागल्या. माझ्यामुळे मुलींची अडचण होते म्हणून मी मिनोरीची रोज सकाळी माफी मागत असे. ती रोज लाल होऊन मान हलवत असे. मला वाटलं, काय विनयशील लोक आहेत! खाली पत्रपेटीवर दोघींची नावं एकाच पट्टीवर, एकाच टाइपात होती. तीही मी रोज वाचत होतो. दस्तात काय लिहिलंय ते दिसत होतं, पण अर्थ डोक्यात शिरत नव्हता. आयुष्यभर हेच मी इतरांना बोललो आहे.

चोवीस एप्रिलला दुपारी नुपूर ऑफिसात पोट धरून खाली बसली. तिला रुग्णवाहिकेतून इस्पितळात नेलं. ऑफिसने मिनोरीला फोन केला. ती टॅक्सी करून मला घ्यायला आली, तेव्हा अंगावर कामावरचा पांढरा कोटच होता आणि पायात दोन वेगवेगळे बूट. इस्पितळात पोचल्यावर खिडकीतल्या परिचारिकेने काहीतरी विचारलं. त्यातला ‘कझोकु’ हा शब्द मला कळला, म्हणजे कुटुंब. मिनोरीने मान खाली घातली आणि बारीक आवाजात म्हणाली, “रूममेट.” झालं. तिला बाकावर बसवलं आणि मला, ज्याला जपानीतले दहा शब्द येतात आणि त्यांतले चार जेवणाचे आहेत, हाताला धरून आत नेलं.

आत डॉक्टरांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. वरपासून खालपर्यंत जपानी. खाली सहीची जागा. दादा, आपण मला ओळखता. स्वतःच्या लग्नात मंगल कार्यालयाचा करार पूर्ण वाचल्याशिवाय मी सही केली नव्हती आणि मुहूर्त पाच मिनिटं टळला होता. न वाचता सही करून बुडालेली माणसं मी एकतीस वर्षं रोज पाहिली. मी पेन खाली ठेवलं. परिचारिका इंग्रजीत म्हणाली, “पोट. कापणं. ओके?” मी म्हटलं, काय कापणार, किती कापणार, आणि बेशुद्ध करायचं औषध तिला सोसेल का? यातलं तिला काही कळलं नाही, मला तिचं काही कळलं नाही, आणि आतून नुपूरचं कण्हणं ऐकू येत होतं. हे सगळं सांगू शकणारं एकच माणूस दाराबाहेर बाकावर बसलं होतं. मी तिच्याकडे बोट केलं. परिचारिकेने हातांची फुली केली. फक्त कझोकु.

तेव्हा माझ्या तोंडातून काय निघालं ते ऐका. मी उभा राहिलो आणि साताऱ्याच्या कचेरीत नुसतं पक्षकाराचं नाव पुकारल्यावर आवारातल्या चहावाल्यापर्यंत पोचायचा त्या आवाजात ओरडलो, “कझोकु!” सगळा बोळ थांबला. परिचारिकेने विचारलं, कोण लागते? मला ‘मुसुमे’ हा शब्द येत होता, कारण नुपूर माझी ओळख करून देताना मी तिचा बाप आणि ती माझी मुसुमे असं सांगत असे. मी दोन बोटं वर केली. “दोन. दोन मुसुमे.” परिचारिकेने माझ्या नाकाकडे पाहिलं, मिनोरीच्या नाकाकडे पाहिलं, आणि हातातल्या फळीवरच्या कागदात लिहून घेतलं. मिनोरी आत आली. एकेका ओळीवर बोट ठेवून तिने मला साध्या इंग्रजीत अर्थ सांगितला. एकही ओळ तिने सोडली नाही. रक्तगट कोणता, कुठल्या औषधाने अंगावर चट्टे उठतात, मागच्या वर्षी कोणतं इंजेक्शन घेतलं, हे तिने डॉक्टरांना न अडखळता सांगितलं. मला बापाला काय माहीत होतं? की नुपूर लहानपणी वांगं खात नसे. मी सही केली. आंत्रपुच्छ, म्हणजे अपेंडिक्स, फुटलं होतं. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

शस्त्रक्रिया चालू असताना आम्ही दोघं बाहेर बसलो. मिनोरी पुटपुटली, “बाबा, रूममेट नाही. पाच वर्षं. सॉरी.” खोटं बोलल्याबद्दल ती माफी मागत होती. मला, जो तिच्या आधी दहा मिनिटं सरकारी म्हणावा अशा कागदावर तिला पोटची मुलगी म्हणून लिहवून आला होता! आणि तेव्हा, दादा, एकाच झटक्यात मला सगळं वाचता आलं. ती पट्टी, ती खोली, तो लाल चेहरा.

मला त्या क्षणी आनंद झाला असं लिहिलं तर ती दुसरी खोटी नोंद होईल. दोन दिवस मी नदीच्या बांधावर सकाळ-संध्याकाळ चालत राहिलो. राग कशाचा होता ते नीट सांगता येत नाही. थोडा लोकांचा होता, जे अजून काही बोललेच नव्हते. थोडी भीतीही होती, नुपूरच्या पुढच्या आयुष्याची. आणि बराचसा राग हा की पाच वर्षं मला कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी नुपूरच्या खाटेशी बसून मी तेच विचारलं.

“मला का नाही सांगितलंस?”

ती छताकडे बघत म्हणाली, “सांगितलं असतं तर तुम्ही कुठल्या रकान्यात लिहिलं असतंत, बाबा?”

मी एवढंच म्हणालो, “मी नर्सला सांगितलंय की मिनोरी माझी मुलगी आहे. लेखी.” ती हसली, टाके दुखले म्हणून रडली, आणि मग नुसतीच रडली. मीही थोडा. (वहिनी, हे गाळलं तरी चालेल.)

आता प्रश्न नोंदीचा. एकतीस वर्षांच्या सेवेत माझ्या हातून एकही खोटी नोंद झाली नाही. लाच नाकारल्याबद्दल तीनदा बदली झाली, हे आपण जाणता. आणि निवृत्तीनंतर परदेशात जाऊन ही एक! खोटी नोंद दुरुस्त करायचे दोनच मार्ग असतात. एकतर ती खोडायची. नाहीतर ती खरी करायची. मी दुसरा धरला.

नुपूर घरी आल्यावर आम्ही तिघं वॉर्ड कचेरीत गेलो. कारकून तरुण, टापटीप, नमस्कार कमरेतून. त्याला विचारलं, या दोघींचं कुटुंब आहे असा दाखला कुठे मिळेल? त्याने सर्व खण उघडून पाहिले. डबे-बाटल्यांचा तक्ता असणाऱ्या देशात या गोष्टीसाठी अर्ज नाही! मला इतकं वाईट वाटलं की मीच त्याला एक आखून देतो म्हणालो. त्याने बराच विचार केला आणि हळूच दत्तकविधानाचा अर्ज पुढे सरकवला. म्हणाला, इथे काही लोक असं करतात, वयाने मोठी व्यक्ती धाकटीला दत्तक घेते, मग दोघी कायद्याने घरच्या. सात महिन्यांनी मोठी कोण? मिनोरी! म्हणजे माझ्या हयातीत माझी तिशी ओलांडलेली मुलगी दत्तक जाणार, आणि तीही कुणाला? मग मी मिनोरीचा कोण? माझ्याच मुलीच्या आईचा... दादा, तिथे मला चक्कर आली. कारकुनाने थंड चहा दिला. मी त्याला म्हणालो, मी खोटी नोंद दुरुस्त करायला आलोय, तिच्यावर आणखी एक खोटी चढवायला नाही. नुपूरने याचं भाषांतर केलं तेव्हा त्याने पुन्हा कमरेतून नमस्कार केला आणि नोटरीकडे जा असं सांगितलं.

इथला नोटरी म्हणजे आपल्या कोर्टाबाहेर छत्रीखाली बसणारा नव्हे. बहुतेक निवृत्त न्यायाधीश नाहीतर सरकारी वकील. पहिल्याने आमचं म्हणणं ऐकून दातांतून श्वास ओढला आणि म्हणाला, “मुझुकाशी.” म्हणजे अवघड आहे. मी म्हटलं, अवघड कामाला मी डरत नाही, आम्ही बसतो. आणि बसलो. जेवणाची वेळ झाली तेव्हा मिनोरीने मला समजावलं, की बाबा, इथे ‘अवघड’ म्हणजे ‘नाही’. एवढ्या नेटक्या देशात नकारासाठी वेगळा शब्द का नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरे ओकुमुरासान. वय सहासष्ट, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, निवृत्त न्यायाधीश. यांनीही दातांतून श्वास ओढला. पण ते म्हणाले, “असा दस्त मी कधी केलेला नाही. मसुदा आहे का?” दादा, मसुदा आहे का! निवृत्त झाल्यापासून मला कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी घरी आलो आणि तीन दिवस, कचेरीतल्यासारखा स्नान करून, पांढरा शर्ट घालून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मसुदा लिहिला. पहिल्याच ओळीत अडलो. लिहून देणार कोण आणि लिहून घेणार कोण? एकतीस वर्षांत असा दस्त हाताखालून गेला नव्हता, ज्यात दोघीही लिहून देणार आणि दोघीही लिहून घेणार. तसंच लिहिलं. पुढे: कारणे करारनामा लिहून देतो की आम्ही उभयता एका घरात, एका चुलीवर राहत असून एकीच्या आजारपणात दुसरीस डॉक्टरांचे म्हणणे ऐकण्याचा, सही करण्याचा व खाटेशी बसण्याचा पहिला अधिकार राहील, आणि हे आम्ही राजीखुशीने, अक्कलहुशारीने व नशापाणी न करता लिहून देत आहोत. नुपूरने जपानी केलं. ओकुमुरासान वाचत गेले, आणि ‘नशापाणी न करता’ला आले तेव्हा चष्मा काढून हसले. म्हणाले, न्यायालयात चाळीस वर्षं काढली, पण इतकं आवश्यक वाक्य कुठल्याच करारात सापडलं नाही. ठेवलं! जपानी कायद्याच्या भाषेत बसवून ठेवलं! फक्त चतुःसीमा त्यांनी काढायला लावल्या. मी पूर्वेस रेल्वेचे रूळ, उत्तरेस तामा नदी असं लिहिलं होतं. ते म्हणाले, या दस्ताला सीमा नकोत. मला पटलं नाही, पण घराण्याच्या मोठ्या माणसापुढे मी गप्प राहतो तसा राहिलो.

मधल्या काळात मी सुचेतेला फोन केला. दोन बातम्या होत्या. मी आधी मिनोरीची सांगितली आणि मग शस्त्रक्रियेची, या हिशेबाने की दुसरीने पहिली झाकली जाईल. तसंच झालं. पोरीचं पोट कापलं आणि मला महिन्याने सांगता म्हणून तिने फोन ठेवला आणि अकरा दिवस उचलला नाही. बाराव्या दिवशी तिचा आला. म्हणाली, “लोकांना काय सांगायचं ते मला अजून कळत नाही. ते तुम्ही बघा.” मग, “त्या मुलीचा वाढदिवस कधी असतो? स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवते.” मी तारीख सांगितली. तिने दोनदा विचारून घेतली.

पाच जूनला दस्त झाला. मी टाय घातला. साक्षीदार म्हणून सही करायला मी नवीन पेन आणलं होतं, तर ओकुमुरासान म्हणाले, या दस्ताला साक्षीदार लागत नाही. साक्षीदाराविना दस्त! माझा चेहरा इतका पडला की त्यांनी मला त्यांच्या शेजारी खुर्ची दिली. मग त्यांनी तो आख्खा दस्त मोठ्याने वाचला. अक्षर न अक्षर. आपल्याकडे ‘वाचून दाखवले, कबूल’ हा फक्त रबरी शिक्का असतो. मी स्वतः हजारो वेळा मारलाय, एकदाही न वाचता. इथे मी एक शब्द न कळता बसून ऐकलं आणि नुपूर-मिनोरीच्या तोंडांकडे पाहून ओळखलं कोणतं कलम चालू आहे. दोघींनी सही केली, शिक्के उमटवले. मिनोरीचा शिक्का जरा तिरका पडला. सरळच हवा असा आग्रह मी आयुष्यात पहिल्यांदा धरला नाही.

आणि आता विजय ऐका. चार दिवसांपूर्वी, दहा तारखेला, नुपूरची शेवटची तपासणी होती. तेच इस्पितळ, तीच खिडकी, तीच परिचारिका. मिनोरीने दस्ताची प्रत पुढे ठेवली. ती प्रत आत गेली, कुणालातरी दाखवली गेली, बाहेर आली. मी उभा राहून, मिनोरीच्या तोंडून, कबुलीजबाब दिला, की बाई, चोवीस एप्रिलला मी आपणास चुकीची माहिती दिली, माझी मुसुमे एकच आहे, ही तिची जोडीदार. परिचारिकेने जुना कागद काढला, ‘मुसुमे’ वर दोन रेघा मारल्या, शेजारी नवा शब्द लिहिला आणि त्यावर आपला छोटा शिक्का मारला. खाडाखोडीवर शिक्का! शास्त्रशुद्ध! मग तिने दार उघडून पुकारलं, की कुटुंबातल्या व्यक्तीने आत यावं. मी आणि मिनोरी एकदम उठलो. परिचारिका मला म्हणाली, “बाबा, एकच माणूस.” आणि मिनोरीला आत नेलं. दार बंद झालं. मी बाहेर बाकावर! बापाला बाहेर बसवलं, दादा! माझा दस्त इतका चोख लागू पडला की त्याने मलाच हटवलं. मी तिथे एकटा बसून इतका हसलो की शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला गोळी दिली. ती कसली होती कोण जाणे, मी खाल्ली.

आपल्याकडे या कागदाला काडीची किंमत नाही हे मला आपण सांगू नका. तो कायदा मला कलमासकट पाठ आहे. इथेसुद्धा हा दस्त म्हणजे लग्न नव्हे, पण एका खिडकीपुरता का होईना हक्क आहे. पण खिडकीशी उभं राहण्यात माझं आयुष्य गेलंय आणि एकेका खिडकीची किंमत मला कळते. वॉर्ड कचेरीतल्या त्या तरुणाला मी माझा आखलेला अर्ज देऊन आलोय. त्याने तो खणात ठेवला, फेकला नाही.

चार जुलैला परत येतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, आणि डोळ्यांत औषध वेळेवर घालावं.

आपला आज्ञाधारक,
श्याम

ता. क. १ : मूळ काम राहिलंच. आपण संपादक असलेल्या आपल्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती दिवाळीला निघते आहे आणि माहितीचे अर्ज जूनअखेरपर्यंत हवेत असं सुचेता सांगत होती. माझ्या कुटुंबाचा भरलेला अर्ज सोबत जोडला आहे. नुपूरच्या नावापुढे ‘पती’ असा छापील रकाना आहे, तो मी नियमानुसार दोन रेघांनी खोडून तिथे ‘सहचरी : मिनोरी, दंततंत्रज्ञ, कावासाकी’ असं लिहिलंय आणि बाजूला सही केली आहे. त्यात एका काना-मात्रेचाही बदल करू नये.

ता. क. २ : पूर्वीचा दाखला नाही असं आपण म्हणाल म्हणून लिहितो. १९८३च्या आवृत्तीत, आपल्याच संपादनाखाली, माझ्या नावापुढे ‘अपत्य : नाही’ असं छापलं गेलं. नुपूर तेव्हा सहा वर्षांची होती आणि प्रकाशनाच्या दिवशी आपल्याच मांडीवर बसून जिलबी खात होती. मुली लिहायच्या नाहीत असा तेव्हा समितीचा नियम होता. आपण मोठे, म्हणून पंचवीस वर्षं मी बोललो नाही. मागच्या वेळी एक नाव राहिलं. या वेळी दोन येऊ द्यात.

ता. क. ३ : वहिनी, हा मजकूर दादांना शांतपणे, जेवण झाल्यावर वाचून दाखवावा. अर्जाची एक प्रत मी छापखानेवाल्या उदयला थेट पाठवली आहे आणि त्याचा जुळणी झाल्याचा फोन काल आला. दादांची हरकत असल्यास त्यांनी ती तीस दिवसांत लेखी कळवावी. त्यानंतर आलेली हरकत विचारात घेतली जाणार नाही.